कड्यातली चार बोटं जागा

चंदाबाई गावंडेला गाडी चालवता येत नाही. स्टिअरिंगच्या मागे ती आयुष्यात एकदाच बसली, आणि तेही सीटखालची धूळ काढायला. पण अमरावतीच्या बडनेरा रोडवर उभं राहून समोरून येणाऱ्या गाडीच्या नाकावरचा मार्का तिनं बघितला, की ती गाडी साधारण कोणत्या सालातली ते ती सांगते, आणि दहातून नऊ वेळा बरोबर सांगते. दहाव्या वेळीही चूक तिची नसतेच. मालकानं कुठंतरी ठोकून घेतल्यावर नवा मार्का बसवलेला असतो.

'लोगो' हा शब्द तिला माहीत नाही असं नाही. ती ज्या शोरूममध्ये काम करते तिथं तो दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. तरी ती मार्काच म्हणते, कारण लोगो तिला नोकरीत भेटला आणि मार्का माहेरी. माहेर शेंदूरजनाघाटचं. बाप संत्र्याच्या मंडीत पेट्या ठोकायचा. पेटी भरली, वर तणस पसरलं, फळी ठोकली, की त्या फळीवर व्यापाऱ्याचा मार्का उमटायचा. कुणाचा मोर, कुणाचा त्रिशूळ, कुणाची नुसती चांदणी. पत्र्यात कापलेला साचा फळीवर धरायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. ट्रकवर माल चढवणाऱ्या हमालांना वाचता येत नव्हतं, पण मोराची पेटी त्रिशूळाच्या ढिगात कधी गेली नाही.

एकदा भर हंगामात मोराचा साचा ट्रकच्या चाकाखाली गेला आणि पार चेपला. नवा कापून यायला वरुडहून दुसरा दिवस उजाडणार होता. नऊ वर्षांच्या चंदानं बापाच्या हातातून बोळा घेतला आणि चाळीस पेट्यांवर हातानं मोर काढले. व्यापाऱ्याला फरक कळला नाही. बापाला मात्र कळला, कारण शेवटच्या दोन मोरांना पोरीनं हौसेनं एकेक पीस जास्त काढलं होतं. त्यानं त्या दोन्ही फळ्या काढून नव्या लावल्या आणि तिला समोर बसवून सांगितलं, "मार्का म्हंजे मालकाचं तोंड असते, पोरी. त्याच्यात आपली अक्कल घालाची नाई."

हे वाक्य तिनं जन्मभर सांभाळलं. ते मोडलं फक्त एकदा, आणि ते मोडतंय हे तिला ठाऊकच नव्हतं. ही गोष्ट त्याच दिवसाची आहे.

लग्न होऊन ती अमरावतीला आली. नवरा एमआयडीसीत लेथवर. दोन हजार आठ साली बडनेरा रोडवर नवं शोरूम उघडलं, तिथं चंदाबाई झाडू-पोछ्याला लागली. शोरूम कोणत्या कंपनीचं ते मी सांगणार नाही. कंपनी मोठी आहे, बाई साधी आहे, आणि आपल्याला बाईची गोष्ट सांगायची आहे. इतकं सांगतो की त्या कंपनीचा मार्का म्हणजे एक गोल कडं आणि त्याच्या आत वर झेपावणारं काहीतरी. कंपनी त्याला पंख म्हणते. चंदाबाई त्याला लोंबी म्हणते, आणि एकदा तिनं म्हटल्यावर बघणाऱ्याला गव्हाची लोंबीच दिसू लागते.

पहिल्याच पाडव्याला अकरा गाड्या जायच्या होत्या. वऱ्हाडात नवी गाडी नुसती किल्ली फिरवून कुणी नेत नाही. घरची बाई ओवाळते, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, आणि या सगळ्याआधी समोर रांगोळी लागते. सेल्सच्या पोरांनी बाजारातून रांगोळीचे स्टिकर आणले होते. ते गुळगुळीत फरशीवर चिकटण्याआधीच उडू लागले. चंदाबाई पोछा बाजूला ठेवून म्हणाली, "सरका थोडे." फरशीवर ओलं फडकं फिरवलं, ती सुकायच्या आत चिमटीतून पांढरा थर सोडला म्हणजे तो घसरत नाही, हे तिला घरच्या सवयीनं माहीत होतं. कड्यासाठी तिनं जेवणाच्या खोलीतल्या परातीची कड धरली. आतल्या लोंबीसाठी अकरा ते अकरा ठिपके दिले आणि जोडत गेली. वीस मिनिटांत कंपनीचा मार्का फरशीवर उभा राहिला. मालकांनी तो पाहिला आणि तेव्हापासून त्या शोरूममधून एकही गाडी तिच्या रांगोळीशिवाय गेली नाही. गाडीच्या नाकासमोर, पण चाकाच्या वाटेपासून जरा बाजूला ती रांगोळी काढायची. कुंकू लावलेल्या गोष्टीवर चाक घालायला आपल्याकडची माणसं धजत नाहीत.

कागदोपत्री ती आजही हाउसकीपिंगलाच आहे. सकाळी ती रांगोळी काढते आणि संध्याकाळी शोरूम बंद करताना तीच रांगोळी तिच्याच झाडूनं सुपलीत भरते.

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा या दिवशी रांगेतली बाकीची शोरूमं तिला उसनी न्यायची. त्यामुळे सगळ्या कंपन्यांचे मार्के तिच्या हाताखालून गेले. विसरायला नको म्हणून तिनं एक वही केली. लांबलचक, पुठ्ठ्याची, आत नुसते ठिपके. डाव्या पानावर किती ते किती ठिपके, उजव्या पानावर जोडलेला मार्का, खाली तारीख. मारुतीचा तो पंखांचा जुना मार्का तिनं सर्व्हिसला आलेल्या एका म्हाताऱ्या आठशेवरून उतरवून घेतला, पुढच्या पानावर नुसता एस. महिंद्राचा अंडाकृती, ज्यात रस्ते वर चढत जायचे, आणि त्याच्या पुढं एकवीस सालानंतरचा दोन शिखरांचा. किआ आली तेव्हाचा साधा गोलातला, आणि दोनच वर्षांत आलेला तिरक्या जोडलेल्या अक्षरांचा, ज्याला निम्मी अमरावती के-एन वाचत होती. चंदाबाईनं तो वाचायचा प्रयत्नच केला नाही. चिमूट सोडली आणि म्हणाली, "हा बरा हाय, हात उचलाच लागत नाई." जिथं मार्का बदलला तिथं जुन्या पानावर ती 'गेला' असं लिहिते. खोडत मात्र नाही.

खरी कसोटी मधल्या वर्षांत लागली. तेव्हा सगळ्याच कंपन्यांना फुगवट्याचं वेड होतं. मार्का म्हणजे चांदीचा, चकचकीत, फुगलेला, एका बाजूनं उजेड पडलेला. रांगोळीत चकाकी दाखवायची कशी? बाईनं पांढरी, राखाडी, गडद राखाडी आणि कोळशाची अशा चार पुड्या केल्या, एकीतून दुसरीत बोटानं ओढत नेल्या, आणि जिथं उजेड पडतो तिथं फरशीच मोकळी ठेवली. फरशीची चमक तीच मार्क्याची चमक. लोक वाकून हात लावून बघायचे, की खरंच वर आलाय की काय. त्या एका रांगोळीला दीड तास लागायचा, आणि बाईचे गुडघे रात्री बोलायचे.

मग एकेका कंपनीनं मार्का सपाट करायला सुरुवात केली. फोक्सवॅगननं केला, स्कोडानं केला, रांगच लागली. शोरूमचा मॅनेजर अमोल, बडनेऱ्याचाच मुलगा, तिला समजावून सांगत होता, "मावशी, आता सगळं मोबाइलवर. तिथं एवढ्याशा चौकोनात फुगीर मार्का दिसत नाही. म्हणून नुसत्या रेघा ठेवतात."

"म्हंजे आता आले का आमच्यावर," चंदाबाई म्हणाली. "आमी तं पयलेपासूनच रेघेत काढून राह्यलो."

अमोल हसला, पण पुढं कुठल्याशा मीटिंगमध्ये त्यानं हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. चंदाबाईला ते कळलं तेव्हा तिला रागबिग आला नाही. "तोंड त्याचं व्हतं, गोठ माही व्हती," इतकंच ती म्हणाली.

गेल्या गणपतीच्या सुमारास तिच्या स्वतःच्या कंपनीचा मार्का बदलायची पाळी आली. तिच्या काळातली ही दुसरी खेप. या वेळी कंपनीनं जंगी तयारी केली होती. मार्क्याबरोबर शंभर पानांची नियमावली आली. रंग कोणता, भोवती जागा किती, काय जोडू नये, काय वगळू नये. त्यातच एक ओळ होती, की गाडी सुपूर्द करताना जमिनीवर फक्त छापील चटई अंथरायची, म्हणजे देशभर मार्का एकसारखा दिसेल. अमोलनं त्यावर दोनदा ईमेल पाठवली. आमच्याकडं एक बाई आहे, ती हातानं काढते, लोकांना तीच हवी असते. उत्तर आलं, की अनावरणाच्या दिवशी पुण्याहून प्रतीक्षा मॅडम येतील. रांगोळी नव्या मार्क्याशी तंतोतंत जुळली तर या शोरूमपुरती परवानगी देऊ, नाहीतर चटई.

अमोलनं हे चहाच्या वेळी तिला सांगितलं.

"आन् नाई जुळली तं?"

"तर चटई, मावशी."

"मंग म्या काय करू?"

"तुमचं काम आहेच की. झाडू-पोछा कोण बंद करतं?"

तो चांगल्या मनानं बोलला होता. पण चंदाबाईनं तोच कप दोनदा धुतला. तिला भीती वाटली. पगार जाणार नव्हता, हे खरं. पण सतरा वर्षं रोज सकाळी ज्या वीस मिनिटांत सूटबूटवाले तिच्या बाजूनं जपून पाय टाकायचे, ती वीस मिनिटं जाणार होती. उरलेल्या दिवसात ते तिच्या ओल्या फरशीवरून बिनधास्त चालतात.

नवा मार्का अनावरणाआधी कुणाच्या मोबाइलवर जाऊ द्यायचा नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती. बाहेरच्या पाटीवर निळं कापड, आतल्या गाडीच्या नाकावरसुद्धा कापड. म्हणून अमोलनं त्या दिवशी सकाळी सात वाजता मार्का ऑफिसच्या प्रिंटरवर काढला आणि कागद तिच्या हातात दिला. आता या प्रिंटरबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. तो शोरूमइतकाच जुना होता आणि त्याला खोड होती. छापता छापता तो मधेच एखादा पट्टा खायचा. कधी अक्षराचा पाय, कधी कड्याचा तुकडा. सतरा वर्षांत चंदाबाईच्या हातात एकही कागद अख्खा आला नव्हता. प्रिंटरनं खाल्लेलं भरून काढायचं, हा तिच्या कामाचाच भाग होऊन बसला होता.

तिनं कागद उजेडात धरला. लोंबी आता तीन रेघांची झाली होती, सुरेख, हलकी. कडं एकाच जाडीचं. आणि खाली उजवीकडं कड्याला खिंड पडलेली, परातीच्या मापानं चार बोटांची.

"खाल्लंन मेल्यानं," ती प्रिंटरला उद्देशून म्हणाली, आणि कामाला बसली.

तिच्या जागी वऱ्हाडातली दुसरी कुठलीही बाई असती तरी तिनं हेच केलं असतं. रांगोळीची रेघ उघडी सोडत नाहीत, हे कुणी शिकवावं लागत नाही. ठिपके जोडत गेलेली रेघ फिरून आपल्या जागी आलीच पाहिजे. मग हे तर कडं. तिनं परात ठेवली, खिंड भरून काढली, आणि आयुष्यातलं सगळ्यात नितळ कडं काढून उठली. अमोल येऊन बघून गेला. त्यालाही काही खटकलं नाही, कारण तोही इथलाच.

साडेदहाला प्रतीक्षा मॅडम आल्या. तिशीतली मुलगी, बोलायला गोड, कामाला कडक. त्यांनी रांगोळीसमोर उभं राहून 'सुंदर' म्हटलं, मनापासून म्हटलं. मग मोबाइल काढला, मार्का उघडला आणि फरशीवर धरून जुळवू लागल्या. वरून खाली येता येता त्यांचा हात थांबला.

"हे कडं बंद का केलंय?"

"प्रिंटरनं खाल्लं व्हतं मॅडम, म्या भरून टाकलं," चंदाबाई समाधानानं म्हणाली.

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अमोलचा चेहरा उतरला. प्रतीक्षा मॅडम खाली वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, ते प्रिंटरनं नाही खाल्लं. ते तसंच आहे. ते उघडं दार आहे. जुना मार्का बंद होता, नवा उघडा. बारा माणसांनी दीड वर्ष त्या जागेवर विचार केलाय."

"येवढ्याशा जागेवर?"

"एवढ्याशा जागेवर."

चंदाबाईनं रांगोळीकडं पाहिलं. बापाचं वाक्य तिला आठवलं, एकेक पीस जास्त असलेल्या त्या दोन फळ्या आठवल्या, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मालकाच्या तोंडात तिनं अक्कल घातली होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर प्रिंटरला, अमोलला, नशिबाला बोल लावला असता. ती म्हणाली, "मंग बरोबर हाय. दार ठेवलं तं ठेवलंच पायजे. म्या उघडते."

ती बसली, ओल्या कापडाचं टोक बोटावर गुंडाळलं आणि आपल्याच कड्यातून चार बोटं रेघ पुसली. कडा इतक्या स्वच्छ आल्या की प्रतीक्षा मॅडमनी मोबाइल धरून पुन्हा बघितलं आणि मान हलवली. जुळलं. अमोलनं श्वास सोडला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. नव्या मार्क्याची पहिली गाडी जाणार होती बार्शीटाकळीच्या खुशालरावांकडं. अकोल्याच्या शोरूममध्ये त्यांना हवा तो रंग नव्हता म्हणून ते अमरावतीपर्यंत आले होते. बरोबर त्यांच्या पत्नी पार्वताबाई, पासष्टीच्या, नाकात चमकी, आवाज खणखणीत. कापडं निघाली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पार्वताबाई ओवाळायचं ताट घेऊन पुढं आल्या आणि रांगोळीपाशी थबकल्या.

"हे कडं तुटेल हाय."

"तुटलेलं नाही काकू, ते डिझाइन आहे," अमोल म्हणाला.

"डिझान असो का काई असो. मागची गाडी आमी अथूनच नेली, सोळा वर्सं झाली. याच बाईनं कडं काढलं व्हतं, पुरं काढलं व्हतं. सोळा वर्सांत गाडीनं रस्त्यात कधी दगा नाई देल्ला. अन् आता नव्या गाडीले तुटकं कडं? म्या नाई ओवाळत."

प्रतीक्षा मॅडम पुढं झाल्या. दार, मोकळेपणा, नवा काळ, सगळं समजावलं. पार्वताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ताट टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या. खुशालराव खिडकीतून बाहेर बघू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात बाईनं ताट खाली ठेवलं की काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

मोठा पेच झाला. कडं बंद करावं तर कंपनीची परवानगी जाते आणि चटई येते. उघडं ठेवावं तर कंपनीची पहिलीच गाडी टाळ्या वाजवून झाल्यावर शोरूममध्येच अडते. अमोल मॅडमकडं बघत होता, मॅडम घड्याळाकडं. चंदाबाईकडं कुणीच बघत नव्हतं, कारण तिचं काम झालं होतं.

तीच पुढं झाली. पार्वताबाईंसमोर उकिडवी बसली. "काकू, तुमचं बरोबर हाय. अन् मॅडमचंबी बरोबर हाय. थे म्हणतात हे दार हाय. आता मले सांगा, दार उघडं असलं तं आपण तथी काय ठेवतो?"

पार्वताबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "काय ठेवतो?"

चंदाबाईनं टेबलावरच्या ताटातलं निरांजन उचललं, पेटवलं, आणि कड्याच्या त्या चार बोटांच्या जागेत नेऊन ठेवलं. निरांजन तिथं असं बसलं की जणू जागा त्याच्याच मापानं सोडली होती. कडं उघडं होतं, मार्क्याची एक रेघसुद्धा हलली नव्हती, आणि बघणाऱ्याची नजर मात्र फिरत फिरत ज्योतीवरून पार होऊन पुन्हा जागेवर येत होती.

"दारात दिवा," पार्वताबाई म्हणाल्या. मग उठल्या, पदर नीट केला, दुसरं निरांजन मागवलं आणि गाडीला ओवाळलं. खुशालरावांनी खिडकी सोडली. प्रतीक्षा मॅडमनी मोबाइल काढला. त्यांनी खाली बसून एक फोटो काढला, मग दुसरा, मग तिसरा.

आता इथंच गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण कंपन्या गोष्टीसारख्या चालत नाहीत. मॅडमनी अहवाल चांगला दिला, हे नंतर कळलं. तो वर गेला आणि वरच राहिला. तीन आठवड्यांनी गुंडाळलेली चटई आली. जाड, चकचकीत प्लॅस्टिकची, तिच्यावर मार्का बिनचूक. चंदाबाईनं रांगोळीचे डबे धुऊन पालथे घातले. अकरा दिवस ती सकाळी आल्यावर चटई झटकायची आणि झाडू घ्यायची. फक्त वहीत जुन्या कड्याच्या पानावर 'गेला' लिहायचं तिनं टाळलं, कारण ते लिहिलं तर आपल्यालाच लिहिल्यासारखं होईल असं तिला वाटलं.

पण पार्वताबाईंच्या मोबाइलवरचा त्या दिव्याचा फोटो दरम्यान बार्शीटाकळीहून निघाला होता. नात्यातल्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर, तिथून अकोल्यात, तिथून परत अमरावतीत. दसऱ्याच्या सकाळी नऊ गाड्या जायच्या होत्या आणि पहिल्याच घरातल्या बाईनं विचारलं, "तो दारातला दिवा कुठं ठेवता?" सेल्सच्या पोरानं उत्साहानं चटईवरच्या खिंडीकडं बोट केलं. तिनं निरांजन पेटवून तिथं ठेवलं.

"ठेवू नका, थे प्लॅस्टिक हाय, जळंन," चंदाबाई मागून म्हणाली. ढोलाच्या आवाजात कुणी ऐकलं नाही.

आरती संपायच्या आत वास सुटला. निरांजन उचललं तर खाली चटईला गोल भोक, काळ्या कडेचं, नेमकं त्या दारात. शोरूममध्ये सणासुदीला जळका वास म्हणजे काय, ते सांगायला नको. त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. मागच्या आठ घरांमध्ये कुजबुज सुरू झाली. अमोलनं क्षणभर चटईकडं बघितलं, क्षणभर रांगेकडं, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी चटई गुंडाळली आणि स्टोअरमध्ये नेऊन उभी केली.

परत आला तेव्हा चंदाबाईच्या हातात परात होती. तिनं ती आणायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, नऊ आहेत," तो म्हणाला.

"दिसून राह्यले मले," ती म्हणाली. "सरका थोडे."

त्या दिवशी तिनं नऊ कडी काढली, एकामागून एक, प्रत्येकात चार बोटं जागा, प्रत्येक जागेत दिवा. एक गाडी गेली की ती हलक्या हातानं पुसायची, फरशी ओली करायची, पुन्हा बसायची. ढोलवाले तिच्यासाठी थांबत होते. दुपारी तिच्या गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा तिनं खाली पोछ्याचं फडकं घातलं आणि पुढची दोन कडी गुडघे न टेकता, मांडी घालून सरकत सरकत काढली. नववं कडं पहिल्याइतकंच गोल होतं. असं काम करणारी माणसं आपल्या आसपास असतात आणि आपण त्यांच्या बाजूनं जपून पाय टाकतो तेही फक्त वीस मिनिटं, याची त्या दिवशी तिथल्या बऱ्याच जणांना लाज वाटली असावी. निदान अमोलला वाटली. त्यानं तिसरी ईमेल पाठवली, भोक पडलेल्या चटईचा फोटो जोडून, खाली एकच ओळ लिहून: आमच्याकडं ही चालत नाही.

दिवाळीनंतर प्रतीक्षा मॅडम पुन्हा आल्या. परवानगीचा कागद स्वतः घेऊन आल्या होत्या, पण त्यांना बघायची होती ती वही. अमोलनं त्यांना तिच्याबद्दल सांगितलं होतं. चंदाबाईनं हात पुसून वही काढून दिली. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि पानामागून पान उलटत गेल्या. त्यांच्या कंपनीचे तिन्ही मार्के होते. आठ सालचा जाड कड्याचा, नंतरचा बारीक कड्याचा, आणि हा उघडा. बाकीच्या कंपन्यांचे कितीतरी. दर वेळी तारीख, दर वेळी ठिपके.

"आमच्या ऑफिसात हे एका जागी नाहीये," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मावशी, एवढे मार्के येऊन गेले. आम्ही एकेकावर वर्षानुवर्षं घालवतो. मग तो बदलला की वाईटही वाटतं. तुम्हाला नाही वाटत?"

संध्याकाळ होत आली होती. फरशीवर सकाळचं कडं होतं, दिवा कधीच उचललेला, लोंबीवरून कुणाचं तरी पाऊल गेलेलं. चंदाबाईनं कोपऱ्यातून झाडू आणि सुपली घेतली.

"तुमी सात-आठ वर्सांनी एकदा पुसता, मॅडम," ती म्हणाली. "म्या रोज पुसते. म्हून तं सकाळी पुन्हा नीट निघते."

आणि ती झाडायला लागली. मॅडमनी पाय वर घेतले.